रेंज पूर्ण, तरी फोन लागत नाही : वारीआधी टॉवरचा हिशेब मांडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आषाढी तोंडावर आली की एक मागणी दरवर्षी होते : पंढरपुरात आणि पालखीमार्गावर मोबाइलचे टॉवर वाढवा. मागणी रास्त आहे, पण तेवढ्याने भागणारे नाही. पंढरपूरजवळच्या वाखरीच्या पालखीतळावर किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात उभ्या असलेल्या माणसाची तक्रार ‘रेंज नाही’ अशी नसतेच. फोनवर सगळ्या दांड्या उभ्या असतात आणि तरी फोन लागत नाही. चुकामूक झालेल्या म्हातारीला आपली दिंडी सापडत नाही, आणि घरी ‘पोचलो’ एवढा एक शब्दही जात नाही. त्या दांड्या फक्त एवढेच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतो. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे का, हे त्यांत कुठेच दिसत नाही. जागेचा प्रश्न हा रांगेचा प्रश्न आहे. रांगेचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे, कागद-पेन्सिलीने सुटते, आणि गर्दीच्या आधी ते मांडता येते. ते तसे मांडले जावे आणि लोकांपुढे ठेवले जावे, यासाठी हे पत्र.

पंढरपूरला रांग म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. समजा, विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून मिनिटाला ३० माणसे बाहेर पडत आहेत आणि दर्शनबारीत ३६,००० माणसे उभी आहेत. शेवटच्या माणसाला १,२०० मिनिटे, म्हणजे २० तास लागणार. पत्राशेड वाढवली, पाणी-चहाची सोय केली, तर उभे राहणे सुसह्य होईल, पण २० तासांचे १९ होणार नाहीत. ते ठरते गाभाऱ्यातून मिनिटाला किती माणसे पुढे सरकतात त्यावर. रांगेची लांबी, माणसे येण्याचा वेग आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांचा हा संबंध जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रीतसर सिद्ध केला. याच देवळात पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या आहेत. लवकर होणारे काम आणि वेळ घेणारे काम एकाच रांगेत घातले तर लवकर होणारेही रखडते, हे तिथे कधीच ओळखलेले आहे. टॉवरमध्ये या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात. टॉवरची उंची आणि रेंज म्हणजे पत्राशेड. गाभारा वेगळा असतो.

बोलण्याच्या कॉलपासून सुरुवात करू. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवर पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये आजही वापरात असलेली सूत्रे दिली. गर्दी मोजायचे एककही त्याच्याच नावाने ओळखले जाते. एका वेळी एकच कॉल नेणारी एक वाट तासभर अखंड व्यापून ठेवणारे बोलणे म्हणजे एक एर्लांग. तासाला ४० कॉल, प्रत्येक ९० सेकंदांचा, म्हणजे ३,६०० सेकंद, म्हणजे एक एर्लांग. आता एवढ्या बोलण्याला किती वाटा लागतील? ‘एक’ असे उत्तर चटकन तोंडात येते आणि ते साफ चुकीचे आहे, कारण लोक एकामागून एक शिस्तीत फोन करत नाहीत. एर्लांगचा हिशेब पायरीपायरीने चढतो. मागच्या पायरीवरचे ‘वाट न मिळण्याचे’ प्रमाण घ्यायचे, त्याला एर्लांगने गुणायचे, आणि आलेल्या संख्येला ‘वाटांची संख्या अधिक तीच संख्या’ यांनी भागायचे. सुरुवात १ पासून. एक एर्लांगसाठी पहिल्या वाटेवर १ भागिले २, म्हणजे ५० टक्के कॉल परत जातात. दुसरी वाट दिली की ०.५ भागिले २.५, म्हणजे २० टक्के. तिसरीवर ०.२ भागिले ३.२, म्हणजे सव्वासहा टक्के. चौथीवर दीड टक्का. म्हणजे एका एर्लांगला चार वाटा दिल्या तर कुठे शंभरातले अठ्ठ्याण्णव कॉल लागतात. सातवी-आठवीच्या मुलालाही करता येईल असा हा हिशेब आहे.

खरा टॉवर घेऊ. २जीच्या एका वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ, आणि तीत ८ कालखंड म्हणजे ८ वाटा. सेक्टरला, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागाला, दोन लहरी दिल्या तर १६, त्यांतल्या दोनेक निरोप आणि सूचनांसाठी गेल्या की बोलण्याला १४ उरतात. १४ वाटांवर २ टक्के कॉल परत जातील इतपत धरले तर ८.२ एर्लांग मावतात. हा २ टक्क्यांचा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही, ‘ट्राय’च्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) सेवा-दर्जाच्या निकषातली मर्यादा तीच आहे. आता गर्दी दुप्पट करा, १६.४ एर्लांग. परत जाणाऱ्या कॉलचे प्रमाण २ वरून ४ टक्के होत नाही, साडेसव्वीस टक्के होते. गर्दी पाचपट केली तर ६७ टक्के, म्हणजे तिघांतल्या दोघांना नकार. आणि आषाढीच्या दिवशी घाटासमोरच्या सेक्टरवर पाचपट ही गर्दी फार मोठी नाही.

पण एर्लांगच्या सूत्रात एक गृहीत आहे, आणि वारीत नेमके तेच मोडते. ज्याला वाट मिळाली नाही तो निमूटपणे निघून गेला, असे सूत्र धरते. खरा माणूस लगेच पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, मग शेजाऱ्याचा फोन घेऊन लावतो. परत आलेला प्रत्येक कॉल नव्या गर्दीत मिसळतो. १४ वाटांवर मुळातली मागणीच १६.४ एर्लांग असेल आणि लोक हटत नसतील, तर हे चक्र कुठेही थांबत नाही. लोक कंटाळून फोन खिशात ठेवतात तेव्हाच ते उतरते. म्हणून सूत्राने दिलेला नकाराचा आकडा गर्दीत कमीत कमी समजायचा. यंत्रणेकडच्या नोंदींत ‘कॉलचे प्रयत्न’ फुगलेले दिसतात तेही यामुळेच. प्रत्येक प्रयत्न हा वेगळा माणूस नसतो. त्या आकड्यावरून थेट टॉवरची गरज काढली तर हिशेब उलट्या बाजूने चुकतो.

वाट मागण्यासाठी आधी टॉवरला हाक मारावी लागते, आणि कित्येकदा गाडी तिथेच अडते. ४जीमध्ये या हाकेचे ठरलेले ६४ नमुने असतात. काही नमुने सेल (एका सेक्टरचा टापू) बदलणाऱ्या फोनसाठी राखले की समजा ५४ उरतात. ठरावीक मिलिसेकंदांनी हाक मारायची संधी येते, प्रत्येक फोन ५४ पैकी एक नमुना चिठ्ठी काढल्यासारखा निवडतो, आणि दोन फोनांनी एकच नमुना निवडला तर दोघांचीही हाक वाया जाते. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ च्या सुमारास ‘अलोहा’ नावाचे रेडिओ जाळे उभारले, त्याचेच हे गणित. एका संधीला सरासरी ५४ हाका आल्या तर सुमारे २० यशस्वी होतात. १०८ आल्या तर ४० होत नाहीत, उलट १५ वर येतात. १६२ आल्या तर आठच. गाभाऱ्याच्या दाराशी माणसे तिप्पट झाली म्हणून आत जाणारी माणसे निम्म्याहून कमी झाली, असा हा प्रकार आहे. टॉवर आतून रिकामा असला तरी दाराशी चेंगराचेंगरी. फोनवर दांड्या पूर्ण, आणि पडद्यावर नुसते गोल फिरणारे चक्र, ते याचे.

यावर इलाज आहे, आणि तो फुकट आहे. टॉवर सगळ्या फोनांना आधीच सांगू शकतो की प्रत्येकाने मनात एक चिठ्ठी काढा, आणि ती ठरावीक आकड्याच्या आत आली तरच हाक मारा. बाकीच्यांनी थांबा. हे थांबणे ४ सेकंदांपासून ५१२ सेकंदांपर्यंत ठेवता येते, आणि सगळे एकाच क्षणी परत येऊ नयेत म्हणून प्रत्येक फोन त्या वेळेच्या ०.७ ते १.३ पट इतका वेगवेगळा थांबतो. वरच्या उदाहरणात १६२ हाकांवर हे प्रमाण ०.३ ठेवले, तर साधारण ४९ फोनच हाक मारतील आणि त्यांतले २० आत जातील. आठऐवजी वीस, तेही एक पैशाचे यंत्र न लावता. मात्र हे प्रमाण गर्दीबरोबर बदलत राहावे लागते. सकाळी ठरवून दिवसभर तेच ठेवले तर दुपारी मोकळ्या टॉवरसमोर माणसे उगाच ताटकळतील. हे काम करणारा माणूस किंवा प्रोग्रॅम त्या तीन-चार दिवसांत डोळ्यांत तेल घालून बसायला हवा.

निरोपाच्या वाटांची आणखी एक गोष्ट नकाशावर सुटते. नेटवर्क टॉवरांचे गट करून क्षेत्रे आखते, आणि फोन एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेला की नेटवर्कला आपला नवा पत्ता कळवतो. २जीमध्ये अशा निरोपांसाठी एका कालखंडात ८ छोट्या वाटा असतात. १ टक्का नकार चालवून घेतला तर त्यांत सुमारे ३.१ एर्लांग मावतात. एका निरोपाला साडेतीन सेकंद धरले तर तासाला जेमतेम ३,२००, म्हणजे सेकंदाला एकही पूर्ण नाही. अशा दोन क्षेत्रांची सीमा चंद्रभागेच्या पात्रातून किंवा पालखीमार्गाला आडवी गेलेली असेल, तर एक मोठी दिंडी ती ओलांडताना टॉवरचा सगळा वेळ पत्ते लिहून घेण्यात जातो. ४जीत नाव बदलते, दुखणे तेच राहते. सीमा गर्दीपासून दूर, शेतशिवारातून काढायची, एवढाच इलाज. वारीचा मार्ग आणि मुक्काम शतकानुशतके ठरलेले आहेत. इतकी आधी माहीत असलेली गर्दी नेटवर्कवाल्यांना क्वचितच मिळते.

आता डेटा. इथे एर्लांगचे सूत्र चालत नाही, कारण डेटाला सहसा ‘नाही’ म्हणत नाहीत. सगळ्यांना थोडे थोडे देतात आणि सगळेच मंदावतात. ४जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला आपल्याकडची जागा वाटतो. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक वेळी ५० तुकडे असतात, २० मेगाहर्ट्झमध्ये १००. पण एका तुकड्यात किती माल बसतो हे फोन कुठे उभा आहे त्यावर ठरते. सिग्नलच्या दर्जाच्या १५ पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर एका चिन्हात (लहरीवरून जाणाऱ्या लहानात लहान खुणेत) साडेपाच बिट जातात, सर्वांत खालच्या पायरीवर ०.१५. हा फरक सुमारे ३६ पट आहे. म्हणजे कडेला, माणसांच्या दाटीत, टॉवरकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका माणसाच्या फोटोला टॉवरजवळच्या छत्तीस जणांच्या फोटोंइतकी जागा लागू शकते.

म्हणून ‘या टॉवरचा वेग सेकंदाला अमुक मेगाबिट’ या वाक्याला गर्दीत अर्थ नाही. समजा, निम्मा माल जवळच्या फोनांचा आहे, ज्यांना एकटे असते तर ६० मेगाबिट मिळाले असते, आणि निम्मा लांबच्यांचा, ज्यांना ४ मिळाले असते. सरासरी ३२ येत नाही. माल पोचवायला लागणारा वेळ मिळवावा लागतो, आणि तसे केले की त्या सेक्टरची खरी ताकद साडेसात मेगाबिट निघते. जाहिरातीतला आकडा आणि हा आकडा यांतली दरी आम्हाला सर्वांत जास्त खुपते, कारण नियोजनाचे कित्येक कागद पहिल्या आकड्यावर लिहिले जातात.

आता या साडेसात मेगाबिटच्या सेक्टरवर ६ मेगाबिटची मागणी आली. ८० टक्के भरला. जागा समान वाटली जात असेल तर प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या वेगाचा उरलेल्या २० टक्क्यांइतका, म्हणजे पाचवा हिस्सा मिळतो. लांबच्या माणसाला ०.८ मेगाबिट. त्याचा २० मेगाबाइटचा, म्हणजे १६० मेगाबिटचा व्हिडिओ २०० सेकंदांत जाईल. मागणी वीस टक्के वाढून ७.२ झाली की सेक्टर ९६ टक्के भरतो आणि वाट्याला येतो पंचविसावा हिस्सा. तोच व्हिडिओ आता १,००० सेकंद घेतो, म्हणजे पाऊण तासाच्या कीर्तनाचा एकतृतीयांशाहून जास्त भाग संपेपर्यंत तो फोनमध्येच असतो. गर्दी वीस टक्क्यांनी वाढली, वाट पाहणे पाचपट. ‘कालपर्यंत तर ठीक होते’ असे सगळेच म्हणतात, आणि खरेच असते ते.

इथवरचे सूत्र माणसे आपापल्या मर्जीने, एकमेकांना न विचारता येतात असे धरते. वारीत तसे नाही. रिंगण संपते, अश्व थांबतो, आणि हजारो फोन एकाच मिनिटात तोच व्हिडिओ वर चढवू लागतात. अशा वेळी सरासरीची सूत्रे बाजूला ठेवून साठलेल्या पाण्यासारखा हिशेब करायचा. साडेसात मेगाबिटच्या सेक्टरवर २० मिनिटे १२ मेगाबिटची मागणी आली, तर सेकंदाला साडेचार मेगाबिट तुंबत जाते. २० मिनिटांनी ५,४०० मेगाबिट साठले. मग मागणी ६ वर उतरली तरी निचरा सेकंदाला दीड मेगाबिटनेच होतो, आणि साठा उतरायला ३,६०० सेकंद लागतात. वीस मिनिटांच्या गर्दीची फेड तासभर चालते. रिंगणानंतर तासाभराने दिंडीचा पुढचा मुक्काम विचारू पाहणाऱ्याला फोन का चालत नाही, त्याचे कारण तासाभरापूर्वीच्या व्हिडिओंत असते. त्यातून वर चढवणे हे उतरवून घेण्यापेक्षा कठीण. फोनची ताकद २०० मिलिवॅट, टॉवरची कित्येक वॅट. आणि मधल्या माणसांच्या अंगांतले पाणी लहरी शोषून घेते.

आणखी एक जागा अडते, जिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. कोणता तुकडा कोणाचा हे टॉवरला दर मिलिसेकंदाला पुकारावे लागते, आणि पुकारायलाही जागा मोजकीच. १० मेगाहर्ट्झमध्ये साधारण ४० घरे. जवळच्या फोनला पुकारायला एक घर पुरते, कडेच्याला आठ लागतात. सगळे कडेचेच असले तर एका मिलिसेकंदात जेमतेम पाच जणांना पुकारता येते. मग मालाचे तुकडे शिल्लक राहतात, नोंदीत ‘वापर ६० टक्के’ असे दिसते, आणि तरी नेटवर्क ठप्प असते. तुकड्यांच्या वापराचा एकच आकडा पाहून ‘क्षमता पुरेशी होती’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुकारण्याच्या घरांचा आकडाही तपासावा.

टॉवर वाढवण्याबद्दल आता बोलता येईल. ४जीत शेजारशेजारचे सगळे टॉवर एकाच लहरीवर बोलतात. वाळवंटाच्या आसपास उंच खांबांवर आणखी चार अँटेना लावल्या आणि त्यांचे झोत एकमेकांवर पडले, तर प्रत्येक फोनला दुसऱ्या टॉवरचा गोंगाट ऐकू येतो, सिग्नलची पायरी घसरते, आणि प्रत्येकाच्या मालाला जास्त तुकडे लागतात. टॉवर वाढले, दांड्या वाढल्या, ताकद कमी झाली, असे खरोखर होते. गर्दीच्या जागी उपयोगी पडतात ते कमी उंचीचे, खाली वाकवलेले, अरुंद झोताचे सेक्टर. नेहमीच्या ६५ अंशांच्या अँटेनाऐवजी ३३ अंशांच्या दोन लावल्या तर तीच जागा दोन गाभाऱ्यांत विभागली जाते. टॉवरला सहसा तीन दिशांना तीन सेक्टर असतात आणि तिन्हींच्या रांगा वेगवेगळ्या. घाटाकडचा तुडुंब आणि मागचा रिकामा असला तर तिघांची सरासरी काढून काही समजत नाही.

ट्रकवर चढवून आणलेले फिरते टॉवर वारीत येतात ते चांगलेच आहे. पण त्या टॉवरपासून पुढे माल नेणारी मायक्रोवेव्ह लिंक अपुरी असेल तर रांग फक्त एक पायरी मागे सरकते. एकामागे एक असलेल्या रांगांत सर्वांत अरुंद जागाच सगळ्यांचा वेग ठरवते. फिरता टॉवर कुठे उभा राहणार हे ठरण्याआधी त्याची पुढची वायर कुठून येणार, जनरेटरचे डिझेल किती तासांचे आणि गर्दीतून टँकर तिथे पोचणार कसा, हे ठरायला हवे. रस्ते बंद झाल्यावर हे विचारात घेऊन उपयोग नसतो.

रांगा एकत्र केल्या की ताकद वाढते, हा एर्लांगच्या तक्त्यातला सर्वांत उपयोगी धडा. ७ वाटांवर २ टक्क्यांच्या हिशेबाने २.९४ एर्लांग मावतात. दोन कंपन्यांच्या वेगवेगळ्या सात-सात वाटा म्हणजे ५.८८. त्याच १४ वाटा एकत्र वापरल्या तर ८.२. एकही नवी वाट न आणता सुमारे ४० टक्के वाढ. चक्रीवादळाच्या वेळी दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांचे ग्राहक एकमेकांच्या टॉवरवर घ्यायला लावतो. ते टॉवर कोसळतात म्हणून. दशमी ते द्वादशी या तीन दिवसांपुरते, पंढरपूर आणि वाखरीपुरते, फक्त बोलण्यासाठी आणि संदेशांसाठी तसे का करू नये, याचा विचार व्हावा. सगळ्या कंपन्या एकाच वेळी तुडुंब असतील तर त्याचा फायदा कमी होतो हेही खरे, पण सगळ्यांचे सगळे सेक्टर एकाच क्षणी भरत नाहीत.

प्राधान्याच्या रांगांबद्दल थोडक्यात. ४जीवर साध्या फोनच्या बोलण्याला वेगळी, आधीची रांग असते. त्याचा माल १०० मिलिसेकंदांच्या आत पोचवायचा असतो, साध्या डेटाला ३०० पर्यंत सवलत. पण व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल हा नेटवर्कच्या लेखी साधा डेटा, तो व्हिडिओंच्या मागे उभा राहतो. गर्दीत साधा फोन करावा, तोही थोडक्यात. त्याहून बरा साधा एसएमएस. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरचिन्हे बसतात, ‘पोचलो, ६५ एकरात आहे’ याला ती पुरून उरतात (६५ एकर म्हणजे पंढरपुरातला वारकऱ्यांचा तळ). आणि संकटात ११२ लावावा. हा क्रमांक फोन स्वतःच आपत्कालीन म्हणून ओळखतो, त्याची वाट वेगळी असते, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो जातो. बाकीचे क्रमांक सहसा सिममध्ये किंवा नेटवर्कने पाठवलेल्या यादीत तशी नोंद असेल तरच आपत्कालीन धरले जातात. हे दिंडीप्रमुखांपर्यंत आळंदी-देहूतच पोचवता येईल. सेल बदलणाऱ्या चालू कॉलसाठी काही वाटा राखून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती मुंबईच्या लोकल मार्गावर अगदी आवश्यक. वाळवंटात मात्र उभी गर्दी असते. तिथे त्या राखीव वाटा बऱ्याचशा मोकळ्या करून नव्या कॉलला द्याव्यात, असे आमचे मत आहे.

राहिला आकड्यांचा प्रश्न, आणि आमचा मुख्य आग्रह याच्यासाठी आहे. एखाद्या सेक्टरवर महिन्यातल्या एका दिवशी ५० टक्के कॉल परत गेले आणि उरलेल्या २९ दिवशी ०.२ टक्के, तर दिवसांची सरासरी १.८६ टक्के येते. २ टक्क्यांच्या आत. कागदावर सगळे नियमात. त्यातही ‘महाराष्ट्र’ या सर्कलमध्ये मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा येतो. एवढ्या मुलखाच्या सरासरीत पंढरपूरचा एक दिवस म्हणजे समुद्रात टाकलेला खडा. तासाची सरासरीही फसवते. तासातली ४० मिनिटे ५५ टक्के वापर आणि २० मिनिटे पूर्ण १०० टक्के, याची सरासरी ७० टक्के, आणि ७० टक्के पाहून कुणी घाबरत नाही. त्या वीस मिनिटांत काय तुंबले ते वर लिहिलेच आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाने कंपन्यांना परवानग्या, जागा आणि वीज देतानाच अट घालावी. पंढरपूर, वाखरी, ६५ एकर आणि पालखीतळांवरच्या प्रत्येक सेक्टरचा दर पंधरा मिनिटांचा आकडा द्यावा : हाका किती आल्या, किती वाया गेल्या, कॉलला जागा किती वेळा नाकारली, तुकड्यांचा आणि पुकारण्याच्या घरांचा वापर किती होता, कोणत्या दर्जाच्या पायरीवर किती फोन होते, पुढची लिंक किती भरली होती. यातले सगळे टॉवरची यंत्रणा आपोआप नोंदवतेच, नव्याने मोजायला काही नाही. ग्राहकांची कुठलीही खासगी माहितीही त्यात येत नाही. आणि गर्दीच्या आधी प्रत्येक सेक्टरसाठी किती फोन, किती एर्लांग आणि किती मेगाबिट धरले होते, तो कागदही त्याच्या शेजारी ठेवावा, म्हणजे अंदाज कुठे चुकला ते उघड दिसेल. द्वादशीनंतर महिन्याभरात हे आकडे जाहीर झाले, तरी कार्तिकीपर्यंत तीन महिने हातात राहतात. अँटेनाचे कोन बदलायला, क्षेत्रांच्या सीमा सरकवायला आणि एखाद्या ठिकाणी फायबर ओढून घ्यायला तेवढे पुरतात.

कळावे,

आपले,
मोबाइल नेटवर्कच्या नियोजनात काम करणारे तीन अभियंते, पुणे